मांडवातली तोंडी परीक्षा

बी.कॉम.ला काय काय लागतं, असं कुणी विचारलं की मी आधी त्याला बसवते, पाणी देते आणि मग तोंड उघडते. उभ्या उभ्या ऐकण्यासारखी ती गोष्ट आता राहिलेली नाही. आम्ही शिकलो तेव्हा नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे, एवढं डोक्यात बसलं की माणूस पदवीच्या वाटेला लागला असं समजत. मी बऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवलं, शिकवता शिकवता केस पांढरे केले, आणि शेवटची काही वर्षं प्रवेशाच्या खिडकीत बसून नवी पद्धत समजावण्यात घालवली. शिकवण्यापेक्षा ते काम अवघड होतं आणि, खरं सांगते, दसपट मजेचं.

नवी पद्धत मी आईबापांना थाळीवरून समजवायची. मेजर विषय म्हणजे पोळीभाजी, आपल्या पोराचं अकाउंट्स, ते तर हवंच. मायनर म्हणजे वरणभात. इलेक्टिव्ह म्हणजे लोणचं किंवा चटणी, दोन्ही नाही मिळणार. व्होकेशनल म्हणजे हाताला काही काम शिकायचं. आणि फाउंडेशन, म्हणजे भाषा, पर्यावरण, योग वगैरे, तो पाण्याचा पेला. मागत कुणी नाही, पण नसला की ठसका लागतो. आता महत्त्वाचं ऐका, मी म्हणायची, ताट स्वच्छ झालं तरच उठायचं. एक घास राहिला तरी पदवी नाही.

बहुतेकांना एवढ्यावर कळायचं. शाहपूरचे एक केळीवाले काका मात्र खिडकीला धरून उभेच राहिले. पोराला हिशेब शिकायचा, तर त्याला योगासनं कशाला, हे त्यांच्या गळी उतरेना. "मॅडम, हिशोबात शीर्षासन कोठे लागते?"

मी म्हटलं, "काका, ताळेबंद जुळला नाही की लागतं."

ते हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली, पोराला म्हणाले, "पाह्य, मॅडम काय सांगून रायल्या," आणि सही केली. मी खिडकी बंद करून पाच मिनिटं टेबलावर डोकं ठेवून हसले.

व्होकेशनलला आमची निम्मी पोरं जैविक शेती घ्यायची. कारण उघड होतं, घरी केळी आहे, अभ्यास कशाला करा. मग एकानं पेपरात कंपोस्ट खत कसं करतात या प्रश्नाखाली लिहिलं, "आमच्या घरी करतात तसंच. अधिक माहितीसाठी वडिलांना विचारावे." खाली वडिलांचा मोबाइल नंबर. तपासणाऱ्या बाईंनी खरंच फोन लावला म्हणे, आणि वडिलांनी त्यांना शेत पाहायला बोलावलं.

पण सगळ्यांत बहार यायची ती शेवटच्या वर्षीच्या प्रोजेक्टला. विद्यार्थ्यानं धंद्याच्या एखाद्या ठिकाणी जायचं, तिथं काम कसं चालतं ते पाहायचं, त्याची फाइल लिहायची आणि त्यावर तोंडी परीक्षा द्यायची. या परीक्षेला पोरं व्हायवा म्हणतात. ती घ्यायला दोन परीक्षक असतात, एक कॉलेजातला, एक बाहेरगावचा. जिथं काम केलं तिथल्या मालकाचं प्रमाणपत्रही लागतं. आमच्या गावात मालक म्हणजे बहुतेक वेळा बापच. एका कापड दुकानदारानं स्वतःच्या मुलासाठी लिहून दिलं होतं, "सदर विद्यार्थी माझा मुलगा असून त्याची वर्तणूक दुकानात चांगली व घरी बेताची आहे." मी ते तसंच फाइलला लावलं. इतकं खरं प्रमाणपत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता हसण्यात एक गोष्ट राहून जायला नको. लेखी पेपर बुडाला तर पूरक परीक्षा असते. व्हायवा बुडाली तर काही नसतं, सरळ पुढचं वर्ष. मुलांना पुढचं वर्ष येतं. मुलींना ते येईलच असं नाही. दसऱ्यानंतर तापीकाठी बालाजीचा मेळा भरतो, तिथं मला दरवर्षी दोघीतिघी भेटतात. कडेवर पोर, हातात फुगा, चेहऱ्यावर तेच वर्गातलं हसू. "मॅडम, ओळखलं का? एकच पेपर राहिला होता माझा." मी म्हणते, दे ना गं या वर्षी. ती म्हणते, हो, देणार आहे. आम्हा दोघींना माहीत असतं. मी घरी येते आणि त्या दिवशी मला जेवण जात नाही.

म्हणूनच दिपालीची गोष्ट लिहायला बसले आहे. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

दिपाली निंबोल्याची. घरी केळी आणि थोडा कापूस. बसनं यायची, पहिल्या बाकावर बसायची आणि शंका विचारून विचारून माझा तास खायची. अकाउंट्समध्ये पोरगी तिखट. गावातल्या बायकांचा बचत गट केळीचे वेफर्स करतो, त्याच्यावर तिनं प्रोजेक्ट केला होता. एक पाकीट करायला नेमका खर्च किती येतो, हा विषय. वेफर्सची पत्र्याची शेड तिच्या घराच्या अंगणातच होती, कारण गटाची म्होरकी तिची आजी.

तिचं लग्न ठरलं होतं खंडव्याला. तिथल्याच एका जिनिंग फॅक्टरीच्या कचेरीत तिला हिशेबनिसाची नोकरीही कबूल झाली होती, पण अट अशी की निकालात एकही विषय अडकलेला नको. सासऱ्यांनी साखरपुड्यात सांगितलं होतं, "नोकरी लागली तर आम्ही कशाला नाही म्हणू?" या वाक्यातला 'तर' दिपालीला नीट ऐकू आला होता. नोकरी लागली तर करू देतील. लागली नाही तर नव्या सुनेला पुन्हा परीक्षेला बऱ्हाणपूरला कोण पाठवतो?

तिच्या वडिलांनी परीक्षेच्या तारखा पाहून, सगळं आटोपल्यावरचा मुहूर्त धरला होता. शहाणा माणूस. पण विद्यापीठानं व्हायवाची तारीख ऐन वेळी बदलली आणि ती येऊन पडली नेमकी लग्नाच्या आदल्या दिवशी.

व्हायवाच्या सकाळी मी हजेरी घेत होते तर दिपाली नाही. तेवढ्यात तिचाच फोन. कुजबुजत होती, धान्याच्या खोलीतून बोलत असावी.

"मॅडम, मले काल घरची हळद लागली."

"मग धुऊन ये लवकर."

"धुता नाही येत मॅडम. हळदीच्या अंगानं गावची शीव ओलांडायची नसते. आजी दारातच बसून आहे."

मी म्हटलं, दे आजीला. आजी फोनवर आल्या त्या शांतपणे. त्या शांतपणाची मला जास्त भीती वाटली. "बाई, परीक्षा पुढल्या साली बी येते. मुहूर्त येते का?"

याला काय उत्तर द्यायचं? बाई वाईट नव्हत्या. नातीवर जीव होता त्यांचा, आणि हळदीच्या नवरीला वारं लागू नये ही त्यांची श्रद्धा. वाद घातला असता तर मी हरले असते. मग माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, मी म्हटलं, "आजी, नवरीनं शीव ओलांडायची नाही ना? परीक्षेनं ओलांडली तर?"

आजी म्हणाल्या, "येऊ द्या. मांडवात येल माणसाले आमी नाही म्हणत नही."

एक बाजू झाली. दुसरी बाजू होती दिघे सर.

कॉलेजातली परीक्षक मी होते आणि बाहेरचे दिघे सर, इंदूरचे. त्यांचं मराठी असं की आमच्या बोलण्यातली हिंदी आपोआप अंग चोरायची. सडपातळ, इस्त्रीचे कपडे, काळी बॅग, आणि तत्त्वाचे पक्के. परीक्षा चालू असताना कॉलेजचा चहा नाही, नाश्ता नाही, पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. का, तर परीक्षकानं कुणाचं काही घेतलं की गुण ढिले होतात. आम्ही त्यांच्यासाठी खास दराबा मागवला होता, रवा-तुपाची ही बऱ्हाणपूरची मिठाई बघून भलेभले विरघळतात. त्यांनी तो डबा कोपरानं माझ्याकडे सरकवला.

अशा माणसाला दया नाही, नियम दाखवावा लागतो. मी पुस्तिका उघडून त्यांच्यापुढे धरली. दोन्ही परीक्षकांची संमती असेल तर प्रोजेक्टची तोंडी परीक्षा प्रत्यक्ष कामाच्या जागी घेता येते. इतकी वर्षं तो नियम तिथं पडून होता, कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

"कामाची जागा कोणती?" दिघे सर.

"केळीच्या वेफर्सचं युनिट, निंबोला."

"उमेदवार तिथं उपस्थित आहे?"

"कालपासून तिथंच आहे सर. हललेली नाही."

लग्नाबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर द्यावं, असं आम्ही मुलांना शिकवतो. प्राचार्यांनी फोनवर "नियमात बसत असेल तर घ्या" म्हटलं, बाकीच्या मुलांच्या परीक्षा उरकल्या आणि दुपारी आम्ही भाड्याची गाडी करून निघालो. दोन्ही अंगांनी केळीच्या बागा, मध्ये रस्ता, शेजारी मांडीवर बॅग घेऊन ताठ बसलेले दिघे सर. मला आतून उकळ्या फुटत होत्या आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते.

मांडव दिसल्यावर ते म्हणाले, "इथं काही कार्य दिसतं."

"शेजारी असेल सर," मी म्हटलं.

आता मला जे नंतर कळलं ते इथंच सांगते, नाहीतर पुढचं उमजायचं नाही. दिपालीकडच्या लोकांत नवरीला हळद दोनदा लागते. पहिली घरची, दुसरी नवऱ्या मुलाच्या अंगाला लावून उरलेली, तिला उष्टी हळद म्हणतात. ती नवऱ्याकडच्या मानाच्या माणसानं घेऊन यायची. या लग्नात तो मान होता नवऱ्याच्या आत्याच्या यजमानांचा, आमच्याकडे सगळे त्यांना फुफाजी म्हणतात. आणि हे फुफाजी रुसण्यात पंचक्रोशीत नावाजलेले. निंबोल्याच्या घरात कोणीही त्यांना पाहिलेलं नव्हतं, पण खंडव्याहून सूचना आलेल्या होत्या. ते आले की बोलणार नाहीत. पाणी घेणार नाहीत. चहा नाही म्हणतील. पण सोडायचं नाही, मनवायचंच.

आणि मांडवाच्या दारात गाडीतून उतरले कोण, तर इस्त्रीचे कपडे घातलेले, कपाळाला आठी असलेले, हातात बॅग गच्च धरलेले दिघे सर.

मी असते तर सावरलं असतं. पण बायकांनी मला उतरल्या उतरल्या "नवरीच्या मॅडम आल्या" म्हणत मागच्या दारानं आत नेलं. दिपाली पाटावर बसलेली, पिवळं जुनं लुगडं, तोंड, हात, पाय सगळे हळदीनं माखलेले, आणि मांडीवर प्रोजेक्टची फाइल. मला पाहून उठायला गेली तर तिच्या मामीनं खांदा दाबून खाली बसवली. "मॅडम, आले का सर? कडक आहेत का?" मी म्हटलं, कडक आहेत, पण तू घाबरू नको. तेवढ्यात बाहेर सनई लागली.

बाहेर येऊन बघते तर दिघे सर खुर्चीवर, त्यांचे बूट-मोजे काढलेले, पाय परातीत, आणि दिपालीचे वडील खाली बसून स्वतःच्या हातानं ते पाय धूत होते. डोक्यावर टोपी चढवलेली. एक जण पंखा त्यांच्याकडे वळवत होता, एक जण सरबत घेऊन उभा.

"अहो, मी काही घेत नाही," दिघे सर सांगत होते.

"माहीत आहे आमाले," वडील भक्तिभावानं म्हणाले. "सांगेल आहे आमाले."

"मी परीक्षक आहे."

"व्हय फुफाजी. घ्या परीक्षा आमची. काही चुकलं असेल तर जोडा मारा, पण घोटभर घ्या."

दिघे सर जितके नाही म्हणत तितकी सगळ्यांची खात्री पटत चालली होती, की हेच ते. त्यांनी चिडून पाय काढून घेतला, तर कुणीतरी मागून म्हणालं, "रुसले, रुसले. दराबा आणा." पाठोपाठ दराब्याचं ताट आलं, टॉवेल आला, नारळ आला. मी खांबाला धरून उभी राहिले. बोलायला तोंड उघडलं की हसू येई, आणि हसले असते तर सरांनी मला जन्मात माफ केलं नसतं.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, माझी बॅग आत नेली."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. बॅगेत कोरी गुणपत्रिका आणि विद्यापीठाची सीलबंद पाकिटं होती. ती कुणी फोडली तर परीक्षा रद्द. दिघे सरांची नोकरी, माझी अब्रू आणि दिपालीचं वर्ष, तिन्ही त्या बॅगेत. मी धावले. मागच्या खोलीत बॅग देवापुढे चौरंगावर ठेवलेली, तिला कुंकू वाहिलेलं, आणि आजी चेन उघडून आतलं पाकीट उजेडात धरून बघत होत्या. लाखेच्या सीलवर त्यांची पिवळी बोटं उमटलेली.

"बाई, हळद कागदात लपेटून आणली का यायनं?"

मी पाकीट अक्षरशः त्यांच्या हातातून ओढून घेतलं. सील शाबूत होतं. मी तिथंच जमिनीवर बसले आणि मग मला जे हसू सुटलं ते आवरेना. आजी बघत राहिल्या. शेवटी मी कसंबसं सांगितलं, "आजी, हे फुफाजी नाहीत. तुम्ही परीक्षेचे पाय धुतले."

आजींच्या तोंडाचा आ झाला. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्याही हसल्या, खांदे हलेपर्यंत. ते हसू तिथून मामीकडे, मामीकडून मांडवात गेलं. वडील मात्र हसेनात, हात जोडून दिघे सरांपुढे उभे. दिघे सर मोजे चढवत होते. आता हे उठून गाडीत बसणार, असं मला वाटलं. त्यांनी टोपी काढून घडी घालून वडिलांच्या हातात दिली.

"उमेदवार कुठे आहे?" ते म्हणाले.

शेडमध्ये परीक्षा सुरू झाली. एका टेबलावर केळी कापायचं यंत्र, कोपऱ्यात कढया पालथ्या घातलेल्या, आणि मधे स्टुलावर हळदीनं पिवळी झालेली दिपाली. दिघे सरांनी पहिलं काम केलं ते सगळ्या वऱ्हाडाला बाहेर काढण्याचं. "उमेदवाराखेरीज कुणी थांबायचं नाही." सगळे बाहेर गेले आणि खिडकीला लागले. जाळीच्या त्या खिडकीत इतकी तोंडं होती की शेडमध्ये अंधार झाला. दिघे सरांनी त्याविरुद्ध नियम आठवून पाहिला, तो नव्हता.

त्यांनी फाइल उघडली आणि दिपालीला सोडलं नाही. मोडलेले वेफर्स कुठे दाखवले? मोडके वेगळे काढतो सर, ते चिवडेवाल्याला जातात, त्याचं उत्पन्न खर्चातून वजा केलंय. पाऊसपाण्यानं केळी महागली तर? तेल, गॅसचं काय? पोरगी बोट ठेवून एकेक आकडा दाखवत गेली. एकदा तर ती सरांना म्हणाली, "नाही सर, ते पान पुढं आहे," आणि हळदीच्या बोटानं तिनं पान उलटून दिलं.

मग दिघे सर एका आकड्यावर थांबले. "ही मजुरी कुणाची? 'गटप्रमुख' असं लिहिलंय."

"माझ्या आजीची."

"आजी मजुरी घेतात?"

"नाही सर."

"मग जो खर्च झालाच नाही तो का धरला?"

दिपालीनं ते पान त्यांच्याकडे फिरवलं. मी माझी नखं खात होते, वयाच्या साठीला आलेली बाई. "सर, पहाटे उठून केळी सोलण्याचं काम तर झालंच आहे. ती पैसे घेत नाही म्हणून ते काम फुकटचं होत नाही. उद्या आजी नसली तर तिच्या जागी माणूस ठेवावा लागेल, तेव्हा खरा खर्च कळेल. तेव्हा कळण्यापेक्षा आत्ता धरला."

खिडकीतली तोंडं आजींकडे वळली. आजी सगळ्यांत पुढे होत्या. नातीनं आपला हिशेब मांडलाय हे त्यांना माहीतच नव्हतं. दिघे सरांनी पेन खाली ठेवलं. "पुस्तकात हे असतं," ते म्हणाले, "पण असं कुणी सांगत नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

एवढ्यात बाहेर गलका झाला. खरे फुफाजी आले होते. त्यांच्यासाठी दारात कुणीच नव्हतं, सगळं घर शेडच्या खिडकीला. ते आपल्या लौकिकाला जागून गाडीजवळच पाठ फिरवून उभे राहिले, पण रुसायला समोर कुणी नसेल तर माणूस किती वेळ रुसणार? त्यांच्या पत्नी, म्हणजे नवऱ्या मुलाची आत्या, हळदीची वाटी घेऊन आल्या. या बाईच्या शब्दावर खंडव्याचं सगळं घर चालतं असं आम्ही ऐकून होतो. नोकरीच्या गोष्टीवर त्यांनी अजून हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. बायकांनी त्यांना खिडकीशी जागा करून दिली.

आत दिघे सर फाइल बंद करत होते. प्रत्येक व्हायवा ते एकाच प्रश्नानं संपवायचे. सकाळपासून प्रत्येक पोराला विचारला होता, सवयीचा प्रश्न. "बरं, पुढं काय करणार?"

सकाळी कुणी म्हणालं होतं एम.कॉम., कुणी म्हणालं होतं पप्पांचं दुकान. इथं तो प्रश्न पडला आणि सगळा मांडव कान देऊन उभा राहिला. दिपालीनं खिडकीकडे पाहिलं. तिला आत्याबाई दिसल्या, हातातली वाटीही दिसली. वडिलांनी मान खाली घातली. "पाहू, जसं घरचे म्हणतील तसं" म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. मला वाटलं, म्हणेल तसं.

"नोकरी करणार, सर," ती म्हणाली. "खंडव्याला जागा मिळाली आहे. निकाल लागला की जाणार."

"आणि सकाळचा डबा कोण करेल?" खिडकीतून आत्याबाईंचा आवाज आला.

दिपालीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती दिघे सरांकडे बघत होती. "सर," ती म्हणाली, "हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे."

दिघे सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खिडकीकडे वळून त्यांनी त्यांच्या त्या शुद्ध मराठीत सांगितलं, "हरकत मान्य. परीक्षा चालू असताना बाहेरच्या व्यक्तीनं प्रश्न विचारू नयेत." मग गुणपत्रिकेवर त्यांनी आकडा लिहिला, मी सही केली, त्यांनी केली, पाकीट बंद झालं. किती गुण दिले ते मी सांगणार नाही, ते गोपनीय असतं. पण त्या वर्षी दिपालीचं ताट स्वच्छ होतं एवढं सांगते.

दार उघडलं तेव्हा आत्याबाई समोरच उभ्या होत्या. वाटी तशीच हातात. मागे वडील, आजी, मामी, सगळे एका जागी गोळा झालेले. आता लग्न मोडतं की काय, असं मला खरोखर वाटलं, आणि या सगळ्याला कारण मी. आत्याबाई दिपालीला ओलांडून थेट दिघे सरांपुढे गेल्या.

"साहेब, दहावीचा शेवटचा पेपर होता माझा," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी हळद लागली मले. शाळा दिसत होती घरून, पण शीव आड आली. आमच्या वेळी कुठं होते तुम्ही?"

दिघे सरांकडे प्रत्येक गोष्टीला नियम होता. या वेळी त्यांनी बॅग खाली ठेवली आणि हात जोडले.

आत्याबाईंनी दिपालीला पाटावर बसवलं, वाटीत बोटं बुडवली आणि आधी तिच्या उजव्या हाताला हळद लावली, मग गालाला. लावता लावता इकडचं तिकडचं बोलावं तसं म्हणाल्या, "तुझी ती जिनिंगची कचेरी आमच्याच घरावरून पुढं आहे. रोज जाताना हाक मारत जा."

दिपाली तेव्हा रडली. हळदीला नवरी रडतेच, म्हणून बायकांनी गाणं धरलं.